राखून ठेवलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापडाची नव्हे, द्राक्षबागेच्या छाटणीची. सोलापूरच्या एका लोहाराने मला घडवले. माझ्या दोन मुठींमध्ये स्प्रिंग आहे. मूठ दाबली की पाते मिटते, सोडली की उघडते. निदान पूर्वी उघडत असे. कालपर्यंत मी मंद्रूपच्या एका घरात दाराआडच्या खिळ्याला लटकत होते.

रावजी आणि त्याची बायको मथुराबाई यांनी मला विकत घेतले, तेव्हा त्यांची बाग नुकतीच मांडवावर चढत होती. बागेला पोत्यातले खत घालायचे नाही, हा दोघांचा नेम होता. सिदू मेंढपाळ कळप घेऊन येई आणि मेंढ्या बागेत मुक्कामाला बसत. लेंडीखताने माती काळी होई, सिदूला धान्य मिळे. माझा काप पाहून लोक म्हणत, "रावजीची कात्री बघा, काकडी चिरल्यागत चालती!" मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग बहात्तरच्या दुष्काळाचे साल आले. परतीचा पाऊस तरी येईल या आशेवर रावजीने ऑक्टोबरात छाटणी केली. पाऊस आला नाही, घड मात्र लागले. जानेवारीत विहिरीचा तळ उघडा पडला. मणी हरभऱ्याएवढे होऊन थांबले आणि पाने दुपारी माना टाकू लागली.

मथुराबाईने मला उचलून रावजीपुढे धरले.

"छाटा. घडासकट, पार खोडापातूर. वरचा पाला समदं पानी वडतोय. मुळं तरी जगू द्या."

"पयलं पीक हाय माझं! लोकं म्हनतील, रावजीला याड लागलं."

"म्हनू द्या की. लोकं काय पानी घालनार हायती व्हय?"

तेवढ्यात सिदू आला. कळप निम्मा उरला होता आणि उरलेल्या मेंढ्यांच्या बरगड्या दिसत होत्या.

"मालक, पाल्यावर औषिद मारलंय का?"

"कशाला मारतोय? पाऊसच न्हाय, रोग कुटनं यील?"

"मग टाका की हिकडं. न्हायतर ह्या आता तुमचं धोतर खातील."

रावजी हसला नाही. त्याने मला हातात घेतले आणि पहिला वेल छाटला. कच्चे, आंबट घड मेंढ्यांच्या तोंडापुढे पडू लागले. रावजीची मान वर होती. खाली काय पडते ते त्याने एकदाही पाहिले नाही.  काही ठिकाणी फांदी कापली न जाता चिरडली गेली, हे माझ्या पात्याला कळत होते.

घराकडची शेवटची ओळ उरली. तिथले घड सर्वांत भरलेले होते. रावजी थांबला.

"ही ऱ्हाऊ दे."

"हिच्यावरच माया का?" मथुराबाई म्हणाली. "बाकीच्या काय सवतीच्या व्हत्या?"

 पुढचे महिने स्वतःच्या अंघोळीचे पाणी तो त्याच ओळीला घालत राहिला. घड सुकले, तरी त्याने ते तोडले नाहीत.

पुढच्या जूनमध्ये पाऊस आला. रावजी माझ्या टोकाने एकेका खोडाची साल खरवडू लागला. आत हिरवे दिसले तर वेल जिवंत, तपकिरी दिसले तर मेलेला. छाटलेल्या ओळींत निम्म्याहून जास्त वेल हिरवे निघाले. राखून ठेवलेली ओळ त्याने शेवटी घेतली. पहिले खोड तपकिरी. दुसरेही. तो टोकापर्यंत गेला आणि पुन्हा पहिल्या खोडापासून खरवडू लागला. मथुराबाईने त्याचे मनगट धरले.

"बास करा आता."

त्या दिवशी त्याने मला खिळ्याला अडकवले. मित्रांनो, त्याला काही वर्षे झाली, तेव्हापासून त्याने एकही वेल छाटला नाही. वाचलेल्या वेलांचा गुंता झाला आहे. आत ऊन शिरत नाही, घड सावलीत कुजतात. माझी स्प्रिंग गंजून बसली आहे.

काल मथुराबाईने मला खाली काढले. मुठी उघडेनात. आज ती उंबऱ्यात बसून मला करडईचे तेल चोळते आहे. रावजी दारात उभा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे अवजार असे गंजत असेल, तर त्याला आजच तेल द्या. आणि रावजी, तू माझे ऐक. ती ओळ मी कापली नाही, म्हणून गेली. बाकीच्या अजून हिरव्या आहेत. ऑक्टोबर सरत आला. हात पुढे कर.