तुपाचं मशीन

आमच्या वाडीत दूध बाप्यांचं आणि तूप बायकांचं. हे कुठे लिहिलेलं नाही, कोणी शिकवतही नाही. दुधाचा पैसा घरात येतो आणि घरातच जिरतो. पण ताक घुसळून, चुलीपाशी बसून कढवलेल्या तुपाचा पैसा बाईचा. त्याचं काय करायचं ते तिनेच ठरवायचं. माझे सासरे येसाजी हयात होते तेव्हा तंबाखूला पैसे कमी पडले की त्यांनाही सासूबाईंपुढे हात पसरावा लागे, आणि सासूबाई चार शब्द सुनावल्याशिवाय देत नसत. नवी नवरी असताना मला हा सोहळा बघायला भारी मजा यायची.

मग माझा नवरा जितेश मुंबईची नोकरी सोडून परत आला. कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या अंगाला, आम्ही रस्त्याकडेला चहा-भाकरीचं हॉटेल टाकलं. काउंटरवर जितेशच्या खात्याचा क्यूआरचा स्टिकर चिकटला. चहा, भाकरी, ताक, तूप, सगळ्याचे पैसे त्याच स्टिकरवर. स्टिकरला दूध कुठलं आणि तूप कुठलं हे कळत नाही, आणि हळूहळू जितेशलाही कळेनासं झालं. मोटारसायकल आली, वाडीच्या क्रिकेट संघाला टी-शर्टं आली. माणूस वाईट नाही हो. पण आपल्या मोबाइलमध्ये वाजला तो पैसा आपलाच, असं त्याला अगदी मनापासून वाटतं.

थंडीत तुडील गावी माझी नणंद आवडी, तिच्या मुलीचं बारसं होतं. सासूबाई साळूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्यांना नातीसाठी चांदीचे वाळे न्यायचे होते. त्यांनी जितेशकडे पैसे मागितले. स्वतःच्याच तुपाचे! मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला, "आये, आता टाइट हाय गो. नेक्स्ट मंथ बघू."

आत्या बारशाला रिकाम्या हातांनी गेल्या. येताना एसटीत खिडकीबाहेर बघत बसल्या. मला मात्र असा संताप आला होता की पोलादपूर येईपर्यंत मी मनाशी पक्कं केलं, आत्यांचा पैसा आत्यांच्याच हातात पडला पाहिजे. मग घरात काय व्हायचं ते होऊ दे.

तूप घेणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. तळकोकणात निघालेल्या गाड्या थांबतात, बायका डबा उघडून वास घेतात, आणि बरेचजण पैसे द्यायला कार्ड काढतात. आमच्याकडे कार्ड चालत नाही म्हटलं की डबा खाली ठेवून निघून जातात. मी जितेशला म्हटलं, "अवो, कार्डाचं मशीन घ्यूया."

तो हसला. "चहाला कार्ड कोण देतो? तुला पायजे तर घे. मला त्यात घालू नको."

मी त्याचा शब्द अक्षरशः पाळला.

महाडहून आमोद नावाचा एजंट आला. गळ्यात पट्टा, बोलणं गोड. पहिलं मशीन त्याने आत्यांसमोर चालवून दाखवलं तर ते मोठ्यांदा रक्कम ओरडलं. रस्त्यापलीकडे पंक्चरच्या दुकानात कॅरम खेळत बसलेल्या जितेशने तिथूनच हाक मारली, "किती आले गो?"

"हे नको," आत्या म्हणाल्या. "माज्या पैशाचा बोभाटा कशाला?"

"आजी, हल्ली सगळे हेच घेतात," आमोद म्हणाला.

"घेऊ देत."

दुसरं लहानसं होतं, मुठीत मावेल असं. स्वस्तही होतं. पण ते मोबाइलला जोडावं लागे, आणि आत्यांचा फोन साधा, बटणांचा. "माझा फोन आहे ना," मी म्हटलं. आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी फोन परत कमरेला खोचला. लेकाच्या फोनमधून निघून सुनेच्या फोनमध्ये जायचं, तर मग एवढा खटाटोप कशाला?

उरलं ते जाडजूड मशीन. त्याचं सिम त्याच्यातच, आणि पैसे घेतले की कागदाची पावती बाहेर येते. आमोदने मात्र बजावलं, "याला दरमहा भाडं आहे, आजी. विक्री झाली नाही तरी कापलं जाणार."

"भाकड म्हशीला पण चारा घालतोच की आपण," आत्या म्हणाल्या. "ह्येच दे. पैसं दिसलं नाय तरी कागद तरी हातात येल."

तुपाच्या धंद्याची वेगळी नोंदणी मी धावपळ करून आत्यांच्या नावावर काढली. पण त्यांच्या बँकखात्याला मोबाइल नंबर होता जितेशचा! म्हणजे ओटीपी त्याच्याकडे, मेसेज त्याच्याकडे. आम्ही दोघी पोलादपूरला बँकेत गेलो. खिडकीवरचे साहेब समजुतीने म्हणाले, "आजी, मुलाचाच नंबर राहू द्या. सोयीचं पडतं."

"कोनाच्या सोयीचं?" आत्यांनी विचारलं.

रांगेतली माणसं हसायला लागली. साहेबांनी नंबर बदलायचा कागद पुढे सरकवला, मी त्यावर आत्यांच्या बटणांच्या फोनचा नंबर लिहिला. आत्यांनी सावकाश, जिभेचं टोक दातांत धरून, सही केली. आंगठ्याचं शाईपॅड त्यांनी बाजूला सारलं तेव्हा मला त्यांना तिथेच मिठी मारावीशी वाटली.

मशीन आलं त्या दिवशी जितेशने पावतीवरचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हॉटेल माजं आन् नाव आयेचं?"

"चहाला तुमचा स्टिकर हाय की," मी म्हटलं. "चहाला कार्ड कोण देतो?"

दोन-तीन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. मीही मनवायला गेले नाही. भाकरी वेळेवर वाढत होते, तेवढं पुष्कळ होतं. इकडे आत्यांनी बटणं पाठ केली, आणि गाडीवाल्या बायकांना "कार्ड इथं टेकवा" असं सांगताना त्यांचा आवाजही बदलला.

शिमग्याला जितेशचे मुंबईचे जुने साहेब आणि मित्र क्रिकेटचे सामने बघायला आले. हॉटेल भरलं. चहा झाला, भाकऱ्या झाल्या. जितेश ऐटीत काउंटरपाशी आला. "आये, तुपाचं मोठं डबं बांध चार. साहेबांना द्यायचंय, आपल्याकडून."

आत्यांनी डबे आणले, पुसले, कागदात गुंडाळले. मग मशीनवर रक्कम टाकून ते त्याच्यापुढे सरकवलं.

जितेशला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कान लाल झाले. "आये, काय मजाक करतेस? मी तुजा पोरगा हाय!"

"म्हनून तर म्हशी, दूध, चहा, कशाला बोलली नाय कदी," आत्या म्हणाल्या. "तूप हाय ह्ये. कार्ड काढ."

साहेब घाईने स्वतःचं पाकीट काढू लागले. "तुमी बसा, पावनं," आत्यांनी त्यांना अडवलं. "आपल्याकडून म्हनलाय तो. त्येच्याकडून हाय तर त्योच देल."

जितेशने माझ्याकडे बघितलं. मी भाकरी थापत राहिले, आणि खरं सांगते, आयुष्यात एवढी गोल भाकरी मी कधी थापली नव्हती. शेवटी त्याने कार्ड काढलं, मशीनमध्ये घातलं. पिन टाकायची वेळ आली तसा सवयीने त्याने दुसरा हात मशीनवर आडवा धरला.

"झाक, नीट झाक," आत्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. "तुजं हाय ते तूच बग. आयेला पन दाखवू नको."

जितेशचं बोट तसंच थांबलं. खाली बघत, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "चुकलं आये." मग त्याने पिन टाकला, आणि आत्यांनी पावती फाडून कनवटीला लावली.