देवघराकडे जाणारी सात पावलं

प्रमिलाबाईंच्या हॉलमध्ये सात पावलं होती, दारापासून देवघरापर्यंत. रविवारी साडेदहाला धुळ्याचे पाहुणे येणार होते आणि त्याच्या आत ती जायला हवी होती.

पावलं मेघाची. मेघा म्हणजे त्यांच्या मुलाची, भूषणची, बायको. आता बायको नसलेली. तीन वर्षांपूर्वी ती अमळनेरहून लग्न होऊन जळगावात आली, तेव्हा दारात कुंकवाच्या पाण्याची परात ठेवली होती. परातीपुढे पांढरं कापड अंथरायची रीत आहे. प्रमिलाबाईंच्या मुलीने, दीपमालाने, ते इस्त्री करून आणलंही होतं.

"उचल ते," प्रमिलाबाई म्हणाल्या. "एवढा मार्बल काय झाकायला टाकला?"

त्यांच्या नवऱ्याच्या, अभिमननानांच्या, एसटीतल्या तेहतीस वर्षांच्या नोकरीचा तो मार्बल होता. त्यावरून मेघा चालली. व्हिडिओवाल्याचा लाइट नेमका गेला म्हणून तिला परत दारात नेऊन, परातीत उभं करून, पुन्हा त्याच पावलांवर चालवलं. रंग छान बसला. लक्ष्मीची पावलं पुसू नयेत, म्हणून आठ दिवस कुणी तिकडे फडकं नेलं नाही. कुंकू घरचं, हळदीचं होतं. पांढरा दगड दिसायला कठीण आणि आतून तहानलेला असतो, हे तेव्हा त्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी प्रमिलाबाई पुसायला बसल्या. पावलं निघाली नाहीत, पण एक गोष्ट दिसली. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब होतं. अशी बाई नवऱ्याला मुठीत ठेवते हे अख्ख्या खान्देशाला ठाऊक असल्यामुळे पुढचे अकरा महिने त्याच माहितीच्या आधारे गेले. मग मेघा माहेरी गेली, नोटीस आली, सह्या झाल्या.

भूषणच्या दुसऱ्या लग्नासाठी येणाऱ्या धुळ्याच्या लोकांना घटस्फोट सांगितला होता. नाना प्रामाणिक माणूस. फक्त मध्यस्थ झुलालभाऊंशी फोनवर बोलताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नावालाच लग्न हो. पोरगी आमच्या उंबऱ्याच्या आतसुद्धा आली नाही." वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते आणखी दोनदा म्हटलं. झुलालभाऊंनी ते जसंच्या तसं धुळ्याला पोचवलं.

"गालिचा टाकू," नाना म्हणाले.

"एप्रिलमध्ये? जळगावात? लोक आधी तो उचलूनच पाहतील."

सोमवारी प्रमिलाबाईंनी कपड्यांचा साबण लावला. पावलं आणखी लाल झाली. मेघा आत्ताच आली असावी इतकी. मंगळवारी लिंबू. तांब्याचा गडू लिंबाने चकचकतो, हात लिंबाने स्वच्छ होतात, मग दगड का नाही? पावलं पिवळी झाली. प्रमिलाबाईंना ही प्रगती वाटली.

"हळदीची वाटताहेत," भूषण म्हणाला. आठवड्यात तो या विषयावर एवढंच बोलला. पाइपच्या कारखान्यातून आला की भिंतीच्या कडेकडेने आपल्या खोलीत जायचा.

बुधवारी बाथरूमचं अॅसिड आलं. प्रमिलाबाईंचं काम नीटनेटकं. बाकीच्या फरशीला लागू नये म्हणून त्यांनी जुना टूथब्रश घेतला आणि पावलाच्या कडेच्या आत, बोटाबोटातून, टाच सांभाळत, सातही पावलं भरली. बारीक फेस आला. गुरुवारी सकाळी रंग बराच गेला होता. दगडही गेला होता. चकचकीत फरशीत सात पावलं खरबरीत, मळक्या पांढऱ्या रंगाची, कोरल्यासारखी उभी होती. लांब बोटासकट.

शुक्रवारी धरणगावहून पॉलिशवाला लोटन आला. त्याने उकिडवं बसून पावलावरून अंगठा फिरवला.

"काय लावलं, अक्का?"

"काही नाही. साधंच पुसलं."

"लिंबू?"

"थोडंसं."

"अॅसिड?"

प्रमिलाबाईंनी पदर सारखा केला.

"दगड म्हणजे चुन्याचाच भाऊ, अक्का. आंबट दिसलं की विरघळतो. याला साधं पाणी आणि मऊ फडकं. बस्स."

"आता?"

"आता पूर्ण हॉल घासावा लागेल. चार दिवस, सामान बाहेर. तरी खोल गेलंय, पुसट दिसेलच. त्या फरश्या काढून नव्या टाकल्या तर रंग जुळणार नाही. मग पावलांऐवजी सात चौकोन दिसतील." तो उठला. "काम हाताने केलंय का? सुंदर केलंय."

रविवारी पावलांवर लांब पायपुसणं टाकलं. धुळ्याहून चौघं आली: मुलगी सारिका, तिचे आई-वडील आणि आजी भिकुबाई. बाहेर त्रेचाळीस डिग्री. पोहे झाले, कारखान्याची चौकशी झाली. प्रमिलाबाईंनी पायपुसण्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि तेच जरा जास्त दिसत होतं.

भिकुबाई सोफ्यावर बसेनात. अनवाणी पायाने गारवा घेत त्या हॉलभर हिंडल्या. "गार शे रे बठ्ठं," सगळंच गार, असं अहिराणीत म्हणत देवाला नमस्कार करायला निघाल्या. वाटेत पायपुसणं आडवं आलं. गार फरशी सोडून कोण त्यावर पाय देईल? त्यांनी ते पायाने बाजूला सारलं, दोन पावलं टाकली आणि थांबल्या. तेवढ्याच जागी तळवा मागेपुढे फिरवला.

"बठ्ठी फरशी गुळगुळीत शे, आठेच खरबडी कसी?" मग वाकून बघितलं. "बाई, आठे कोनी तरी चालेल शे."

इथून कुणीतरी चालून गेलंय, हे आता सगळ्यांनाच दिसत होतं. सारिकाने नजरेने दारापासून देवघरापर्यंत मोजलं. मग तिने नानांकडे पाहिलं आणि नानांनी पंख्याकडे.

"झुलालभाऊ तर म्हणाले होते," सारिकाचे वडील शांतपणे म्हणाले, "उंबऱ्याच्या आतसुद्धा..."

"चहा घेता ना?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्यांनी चहा घेतला. खान्देशी माणूस चहा टाकून जात नाही.

फोन आला नाही. झुलालभाऊंनीही उचलायचं सोडलं. प्रमिलाबाई आता रोज साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसतात, लोटनने सांगितलं तसं. खळग्यांत धूळ बसते म्हणून पावलांना जास्त वेळ लागतो. भूषण भिंतीच्या कडेने जातो. नानाही आता तसेच जातात.

पावलं सगळी आत येणारी आहेत. बाहेर जाणारं एकही नाही. जाताना मेघाने चप्पल घातली होती.