नणंदेचा तवा

शुक्रवारी नर्स सांगून गेली, सोमवारपर्यंत माझ्या नवऱ्याच्या, इदवलच्या पोटात काही गेलं नाही तर त्याला इस्पितळात हलवणार. छातीत कोळशाची धूळ घेऊन आमच्या दरीतले जे जे इस्पितळात गेले, त्यातला एकही पायी घरी आलेला मी पाहिलेला नाही. इदवललाही ते ठाऊक होतं. तरी मेला तोंड उघडत नव्हता. सूप नको, अंडं नको, दुधातला भात नको. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावून पडला होता, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि म्हणायचा काय, तर "आईच्या हातचे केक असते तर खाल्ले असते."

आई जाऊन जमाना झाला. आणि तव्यावरचे केक या दरीत कोणाला येत नाहीत? मैदा, चरबी, लोणी, साखर, बारीक काळ्या मनुका, एक अंडं. लग्न झाल्यापासून मी करतेच आहे. त्या आठवड्यात दोनदा केले आणि तव्यावरून उतरल्या उतरल्या गरमागरम त्याच्यापुढे नेले. पहिल्यांदा एक घास घेऊन त्यानं तो रुमालात काढला. दुसऱ्यांदा बशी बाजूला सारून म्हणाला, "नेस्टा, हे छपरावर ठोक. गळती तरी थांबेल."

असा राग आला! मरायला टेकलाय, पण जिभेची धार काही जात नाही.

आईचा हात एकीलाच आला होता, तिच्या लेकीला. म्हणजे माझ्या नणंदेला, टेगवेनला. आणि संप मिटल्यापासून आमच्यापैकी कोणी टेगवेनच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं, कारण तिचा नवरा एम्लिन संपफोड्या. खाणीच्या त्या मोठ्या संपात आम्ही अख्खं वर्ष अर्धपोटी काढलं, आणि हा गडी शेवटच्या हिवाळ्यात खिडक्यांना जाळ्या लावलेल्या बसमध्ये बसून कामावर गेला. खाण आता बंद पडली, तरी क्लबात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. मी त्या बसवर थुंकले होते. आज ती बस आली तर आजही थुंकेन.

पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. शनिवारी सकाळी नाक मुठीत धरून मी चॅपलमागच्या तिच्या घरी गेले. दार टेगवेननंच उघडलं. तिच्या मागे एम्लिन उभा होता. मला बघितलं आणि मागच्या दारानं बागेत निघून गेला.

"या, वहिनीसाहेब! रस्ता चुकलात?"

"इदवलची तब्येत बरी नाही."

"ते अख्ख्या गावाला माहीत आहे. सख्ख्या बहिणीला तेवढं कोणी सांगितलं नाही."

"तो काही खात नाहीये."

"मग? येऊन भरवू त्याला?"

"नको!" मी जरा जास्तच जोरात म्हणाले.

"मग ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. काय हवंय ते बोल."

मी सांगितलं. ती हसली. ते हसू मला तेव्हाही आवडलं नाही आणि आत्ता सांगतानाही आवडत नाही.

"डबाभर करून दे," मी म्हणाले. "मी नेते."

"माझ्या हातचे? संपानंतरच्या नाताळला मी डबा पाठवला होता. काय झालं गं त्याचं?"

ते मला चांगलंच माहीत होतं. इदवलनं तो पुलावरून नदीत फेकला होता, झाकणही न उघडता.

"मी केलेत असा नुसता संशय आला तरी तो थुंकेल," टेगवेन म्हणाली. "माझे केक त्या घरात येणार नाहीत. तू कर, तुझ्या घरी, तुझ्या हातानं. एकदाच दाखवते. बाह्या वर कर."

"तू मला शिकवणार?"

"आईनं तुला का नाही शिकवलं, माहितीय? म्हणायची, सुनेला शिकवलं तर लेकीनं माहेरी यायचं कशाला? आता माझं माहेरच उरलं नाही. हात धू."

मग तिच्या स्वयंपाकघरात जे चाललं त्याला शिकवणी म्हणायचं की भांडण, देव जाणे. चरबी आणि लोणी निम्मं निम्मं, दोन्ही गार. ते मैद्यात नुसत्या बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं होईपर्यंत. मी चोळायला लागले तर तिनं माझ्या मनगटावर चापट मारली.

"पाव करतेयस का? मळू नकोस. पिठावर कसला राग काढतेस?"

"तुझ्यावर काढता येत नाही म्हणून."

"काढ की. पण तळव्याची ऊब नको लागायला. आणि दूध कशाला ओततेस? अंड्यात भिजतंय तेवढं बास. जायपत्री कुठंय? घालतच नाहीस? मग तीस वर्षं भावाला माझ्या काय भुसा खायला घातलास?"

तिच्या चुलीवर आईचा तवा होता, बिडाचा, जाड, वापरून वापरून काळाभोर झालेला. आई गेल्यावर तो आमच्या घरी यायला हवा होता असं माझं म्हणणं तेव्हाही होतं. मी तव्याकडे बघतेय हे तिनं पाहिलं.

"मिळणार नाही," ती म्हणाली. "तुझा तवाही चालेल. तू त्याला तापवतेस लोहारासारखी, तिथं बिघडतंय. वर तळहात धर. धग लागायला हवी, चटका बसायला नको. आता चिमूटभर मैदा टाक. बघ, सावकाश तांबूस होतोय. लगेच करपला की तवा खाली उतरवायचा."

बोटभर जाड लाटून, ग्लासनं गोल कापून तिनं केक तव्यावर ठेवले. एकदाच उलटले. मी मध्येच दाबून बघायला गेले तर पुन्हा चापट. खाली उतरवून वर साखर भुरभुरली. एक केक मोडून माझ्या हातावर ठेवला. कडेनं खुसखुशीत आणि मध्ये किंचित ओलसर, भुसभुशीत. छान होता. मी तसं म्हटलं नाही.

"हा त्याला आत्ता नेऊन दिलास तर हाही तो बाजूला सारेल," ती म्हणाली.

"का?"

"कारण आईच्या हातचे गरम केक त्यानं खाल्लेच नाहीत कधी. अगं, आई भाजायची शनिवारी. तेव्हा तो फुटबॉलच्या मैदानावर. रविवारी आमच्या घरात देवाचा दिवस, चुलीवर चहाच्या पाण्याशिवाय काही चढायचं नाही. चॅपलहून आलो की डबा उघडायचा. रात्रभरात जायपत्री मुरलेली असायची, साखर विरघळून वर पापुद्रा धरलेला. ती चव मागतोय तो. तू गरमागरम नेतेस आणि रडतेस."

"तुला हे आधी सांगता आलं नाही?"

"कोणाला? नदीला?"

निघताना तिनं दरडावून सांगितलं, की पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत, नाहीतर घाम सुटून लगदा होतो, आणि बिस्किटांच्या वासाचा डबा घ्यायचा नाही. मी आभार मानले नाहीत. तिनंही वाट पाहिली नाही.

घरी येऊन मी भाजले. जाळीवर गार केले आणि डब्यात कागद घालून ठेवले. इदवलला वास आला असणार, पण विचारलं नाही. नर्स यायला एक दिवस उरला असताना केलेला पदार्थ झाकून ठेवायचा! दोनदा झाकणाला हात लावला आणि मागे घेतला.

रविवारी चॅपलहून आल्यावर चहाबरोबर एक केक बशीत ठेवला, लोणी लावून. त्यानं वास घेतला. एक घास खाल्ला. मग चावायचा थांबला, डोळे मिटले, आणि मला वाटलं, संपलं, आता थुंकतो. त्यानं तो केक पूर्ण खाल्ला आणि बशी पुढे केली. दुसराही खाल्ला.

"आईच्या हातचे," तो म्हणाला. धाप लागली म्हणून थांबला, मग पुन्हा बोलला. "जमलं तुला शेवटी. संपफोड्याच्या त्या सटवीला जन्मात असे जमायचे नाहीत."

मी बशी उचलून आत गेले.

सोमवारी सकाळी त्यानं आणखी एक खाल्ला, वर अर्धं अंडं. नर्सनं वजन केलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, राहू द्या घरीच. ती गेल्या गेल्या मी कोट चढवला. मला आलं बरं का, हे त्या टेगवेनला तोंडावर सांगायचं होतं, दुसरं काही नाही.

तिनं दार अर्धंच उघडलं.

"खाल्ले?"

"काल दोन. आज एक. इस्पितळ टळलं."

"काय म्हणाला?"

"आईच्या हातचे म्हणाला."

"आणि मला?"

"तुझं नावसुद्धा निघालं नाही."

"खोटं बोलू नकोस. शिवी दिली असणार."

ती माझ्याकडे अशी बघत होती, की मला खोटं पुढे रेटता येईना.

"दिली," मी म्हणाले.

"कुठली?"

मी शब्द न् शब्द सांगितला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, दाराच्या कडीवरचा हातही हलवला नाही.

"मी आठवले ना? मग चव बरोबर लागली त्याला," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.