दगडावरची सही

रेगुलाने दगडावर शेवटचं अक्षर उलटं काढलं आणि छपाईचा तेलकट खडू खाली ठेवला. दगडावर उलटं काढलं तरच कागदावर सुलट उमटतं. बाझेल शहरातल्या या दगडी छपाईच्या छापखान्यात ती एकोणीस वर्षं उलटं लिहीत आली होती. आज दगडावर पोस्टरसाठी एकच मिटलेली काळी छत्री होती आणि खाली छत्र्यांच्या दुकानाचं नाव. कोपऱ्यात सहीपुरती जागा तिने मोकळी सोडली होती.

"यंदा तिथे माझंही नाव येईल," ती म्हणाली.

तिच्या भावाने, कास्परने, हातमोजेसुद्धा काढले नव्हते. गिऱ्हाइकांबरोबर जेवायला तो, बक्षिसं घ्यायला तो. चित्रं हिची, नाव त्याचं, आणि ते नावही आजवर हिनेच काढलेलं.

"डोकं फिरलंय तुझं? दोन नावं म्हणजे पोस्टरवर नुसती गर्दी. जितकं कमी, तितकं चांगलं. हे मी लोकांना शिकवलंय."

"आणि तुला कोणी शिकवलं?"

"मी आहे म्हणून चार माणसं ओळखतात तुला!"

"एकही ओळखत नाही, कास्पर."

म्हातारा छापणारा गिगर मान खाली घालून रूळ पुसत राहिला. रेगुलाने खडू उचलून भावापुढे धरला.

"मग तुझी सही तूच कर. माझा हात आता त्या नावाला लागायचा नाही."

"त्यात काय मोठंसं!" कास्परने खडू हिसकावला आणि हॉटेलच्या वहीत करावी तशी लांब शेपटीची झोकदार सही ठोकली.

गिगर पुढे आला. "साहेब, जरा ती सही—"

"तुम्ही शाई लावा, गिगर. एका रेघेचंही कमी-जास्त नको. सोमवारी गावभर लागलं पाहिजे."

दार आपटून तो गेला.

दुपारी पहिला कागद निघाला. छत्री सुरेख आली होती, दुकानाचं नाव सुलट होतं. कोपऱ्यात कास्परची सही मात्र उलटी, आरशात पाहावी तशी.

"गावातल्या प्रत्येक छापखान्यात कळेल," गिगर हळूच म्हणाला, "हा हात दगडावर कधी चाललाच नाही ते. घासून काढू का, रेगुलाबाई? दोन मिनिटांचं काम."

रेगुलाने कागद खिडकीपाशी नेला. बराच वेळ पाहिला. मग फडक्याने बोटांवरची काळी शाई पुसू लागली.

"एका रेघेचंही कमी-जास्त नको म्हणालाय ना तो," ती म्हणाली. "छापा."