परत आलेलं रक्त

योंगदो बेटावरच्या जहाजगोदीत तीन हजार पुरुष कामाला होते. त्यांच्या मुताऱ्यांतले डबे कोणी उचलायचे, यावरून माझा नवरा पानसुल आणि गीबोंग यांचं वैर पडलं. त्याआधी चार वर्षं दोघांनी एकच हातगाडी ओढली होती. रोज सकाळी कंपनीचा ट्रक येऊन ते मूत घेऊन जाई. त्यातून रक्ताच्या गाठी विरघळवणारं औषध निघतं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

मग गोदीने ठेका एकालाच द्यायचं ठरवलं आणि तो पानसुलला मिळाला. त्याच आठवड्यात आमच्या बारा डब्यांत कोणीतरी कॉस्टिक सोडा ओतला, सगळा माल फुकट गेला. पानसुल विचारत बसला नाही. पत्र्याच्या लांब दांड्याच्या पळीने त्याने गीबोंगचे पुढचे दात पाडले. गीबोंगने पडल्या पडल्या लोखंडी पहार उचलली आणि पानसुलच्या गुडघ्यामागे घातली. लोकांनी ओढून काढेपर्यंत घालतच राहिला.

पानसुल लंगडत कामावर जात राहिला. नवव्या दिवशी सकाळी त्याची पोटरी आणि पाऊल पांढरं पडलं. हात लावला तर बर्फातल्या माशासारखं गार. मी इस्पितळात चला म्हणत होते. तो सुया टोचणाऱ्याकडे गेला. त्यात पाच तास गेले.

इस्पितळात डॉक्टर नामगुंग यांनी जांघेतून बारीक नळी घालून गुडघ्यामागच्या गाठीपर्यंत नेली आणि औषध सोडलं. तेच औषध. बाटलीवर ट्रकवाल्या कंपनीचंच नाव वाचून पानसुल हसला.

"आमच्या गोदीतल्या पोरांचंच असणार," तो नर्सला म्हणाला. "दारूचा वास आला तर सांगा."

तीन तासांनी बोटं गुलाबी झाली. मी भिंतीला टेकून रडले. पण त्यानंतर तासाभरात पोटरी फुगू लागली. कातडी ताणून चकचकीत झाली, मांस लाकडासारखं कडक झालं. पायात रक्त पोचत नव्हतं तेव्हाही तो एवढा ओरडला नव्हता. आता पलंगाची कड चावत होता, आणि त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

"गाठ विरघळली, बाई," डॉक्टर म्हणाले. "पण उपाशी राहिलेल्या मांसात रक्त एकदम शिरलं की ते मांस पेटतं. आणि हे औषध गाठीपाशी थांबेलच असं नाही. शिरांच्या भिंती सैल करतं, सूज वाढवू शकतं. दिलं नसतं तर पाय गेलाच होता."

पोटरी दोन्ही बाजूंनी फाडावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. शस्त्रक्रियेची खोली रिकामी नव्हती आणि थांबायला वेळ नव्हता. पलंगावरच त्यांनी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सुरी ओढली. आतलं मांस फुटलेल्या गादीतल्या कापसासारखं बाहेर उसळलं. औषध बंद केलं होतं, पण अंगात मुरलेलं होतं, रक्त थांबेना.

तेवढ्यात गीबोंग दारात आला. हातात सफरचंदांची पिशवी, तोंड अजून सुजलेलं. मी सलाईनचा लोखंडी दांडा उचलून त्याच्या खांद्यावर घातला. दुसऱ्यांदा घातला तो कानावर बसला. त्याने हात वर केला नाही.

"मारामारी नंतर करा," डॉक्टर ओरडले. "ए, तू, इकडे ये. दाबून धर."

एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने गीबोंग. बोळे भिजत होते, नर्स बदलत होती. पानसुल शुद्धीवर होता. त्याने गीबोंगला आईवरून शिव्या दिल्या. मग म्हणाला, "सोडा तूच ओतलास ना?"

"हो," गीबोंग म्हणाला.

"दाब मग. नीट दाब, भडव्या."

दीड तासाने रक्त थांबलं. माझी बोटं आखडून गेली होती, गीबोंगच्या कानातून ओघळ वाहत होता. तो सफरचंदं ठेवून निघून गेला. पानसुलने ती शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला द्यायला लावली.

पाय वाचला, तीन बोटं गेली. पाऊल उचलत नाही, फरफटत येतं. पोलीस आले तेव्हा पानसुलने सगळं सांगितलं, स्वतःच्या पळीसकट. गीबोंगला आठ महिन्यांची कैद झाली. त्याने त्या दिवशी पाय दाबून धरला, हेही सांगा, असं मी म्हणाले होते. पानसुल म्हणाला, ते त्यांनी विचारलं नाही.

गोदीचे डबे आता मी उचलते.