चिनात्सुनं धुतलेला वाडगा

चिनात्सुनं वाडगा ब्लीचमध्ये घातला तो चांगल्या मनानं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर गावानं तिला नाही नाही ते म्हटलं, आणि म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी जन्मात स्वतःचं ताट विसळलेलं नाही.

ती ओसाकाची. तिथं तिच्या आईची खाणावळ. भांड्यावर डाग दिसला तर गिऱ्हाईक आईची अब्रू रस्त्यावर आणतं. लग्न होऊन नागातोच्या किनाऱ्यावरच्या या कुंभारगावात येऊन तिला चारच महिने झाले होते. सासूबाईंच्या, इत्सुकोबाईंच्या, कपाटात तिला रेशमात गुंडाळलेला चहाचा वाडगा सापडला. आतून तपकिरी, बाहेरून पावसाळी ढगांसारखे काळपट डाग. दोन आठवड्यांनी सासूबाईंच्या सत्तरीचा चहा होता. तिला वाटलं, बिचाऱ्यांची नजर आता पोचत नाही. तासाभरात वाडगा पिकल्या जर्दाळूसारखा उजळला आणि ती तो मिरवत सासूबाईंपुढे गेली.

इत्सुकोबाई ओरडल्या नाहीत. वाडगा हातात घेऊन नुसता फिरवत राहिल्या.

काय झालं ते रात्री नवऱ्यानं, केइगोनं, सांगितलं. इथली माती सच्छिद्र. चहा पिता पिता वाडग्याचा रंग बदलतो. सात वेळा कात टाकतो म्हणतात. हा वाडगा केइगोच्या आजीच्या लग्नातला. ऐंशी वर्षांचा चहा त्यात मुरला होता, आणि तो चिनात्सुनं तासाभरात मोरीत ओतला होता.

त्यानंतर इत्सुकोबाई सगळ्या गोष्टींवर बोलल्या, वाडगा सोडून. ब्लीचचा वास जाईस्तोवर त्या रोज त्यात नवं उकळतं पाणी भरून ठेवत. दुसरा वाडगा काढा म्हणून चिनात्सुनं हात जोडले, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की हाच निघेल.

मानाच्या पाहुण्या होत्या सुगिमोरी काकू, अर्ध्या गावाला चहाचा विधी शिकवलेल्या. चहा पिऊन झाला की मानाच्या पाहुण्यानं वाडगा निरखायचा आणि त्याची हकिकत विचारायची, यजमानानं सांगायची, हा रिवाजच. तिथं चारचौघींत आपली सालं निघणार हे तिला दिसत होतं.

केइगोनं तोड काढली. कडक चहाच्या काढ्यात वाडगा उकळायचा, की आठवड्यात ऐंशी वर्षं परत. दुकानदार करतातच की, म्हणाला.

करतातच. नवं भांडं उकळून म्हातारं करायचं, कड मुद्दाम वाकडी करायची आणि वर साधेपणावर प्रवचन झोडायचं. साधेपणाच्या नावावर चालते तेवढी लबाडी गुरांच्या बाजारातही चालत नसेल.

चिनात्सुनं काढा उकळला. वाडगा भांड्यावर धरला. मग काढा मोरीत ओतून दिला.

“धुऊन चुकले ते चुकले,” ती नवऱ्याला म्हणाली, “आता रंगवून खोटारडी होऊ काय?”

सत्तरीच्या दुपारी चहाच्या खोलीत पाच बायका ओळीनं बसल्या. इत्सुकोबाईंनी हिरव्या पुडीचा चहा घुसळला. सुगिमोरी काकूंनी तीन घोटांत संपवला, वाडगा उचलला आणि भुवई वर गेली. हा वाडगा त्यांच्या ओळखीचा होता, आणि नव्हताही.

“काय हकिकत याची?”

“आमच्या सुनेला विचारा,” इत्सुकोबाई म्हणाल्या.

मिठाईची थाळी घेऊन चिनात्सु दारातच होती. तिनं थाळी खाली ठेवली. “माझाच पराक्रम, काकू. डाग वाटला. ब्लीचमध्ये घातला, तासभर.”

सुगिमोरी काकूंनी मांडीकडे बघितलं. किमोनोवर ओला हिरवा ठिपका होता. वाडग्याच्या बुडातून आणखी एक थेंब पडला.

“अगं इत्सुको,” त्या म्हणाल्या, “हा तर मुतला माझ्यावर.”

कुणीतरी फिसकन हसलं. काकू स्वतःच मग अशा हसल्या की वाडगा दोन हातांनी सांभाळावा लागला. नवा वाडगा पाझरतोच इथं. चहा मुरेल तशी छिद्रं बुजतात. ऐंशी वर्षांचा म्हातारा पुन्हा तान्हा झाला होता. त्यांनी तो उजेडात धरला आणि आत बघतच राहिल्या. तळाशी कुंभाराच्या तीन बोटांचे ठसे होते. तीस वर्षांत ते त्यांना कधी दिसले नव्हते.

“मलाही नव्हते दिसले,” इत्सुकोबाई म्हणाल्या. “मी या घरात आले तेव्हाच तो काळा होता, सासूबाईंच्या चहानं. चाळीस वर्षं प्याले त्यातून. पण यातला माझा डाग कुठला, ते कधी दाखवता आलं नाही.” मग सुनेकडे वळल्या. “इतके दिवस मी रागावले नव्हते गं. पहिले दोन दिवस होते. नंतर हे ठसेच बघत बसले होते. सात वेळा कात टाकतो म्हणतात, ही आठवी. बस इथं. सुरुवात तुझ्यापासून.”

चिनात्सु बसली. इत्सुकोबाईंनी नवा चहा घुसळून पुढे केला, आणि ओसाकाच्या सवयीनं ती भुरका मारून प्याली. चहा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

“फडकी आणा,” सुगिमोरी काकूंनी फर्मावलं, “सगळ्यांना. मीही परत पिणार आहे.”

मग पाचही जणी मांडीवर फडकं पसरून, लहान मुलींसारख्या आपली पाळी कधी येते ते बघत बसल्या.