एका सहीची अदलाबदल

मला धक्के नवीन नाहीत. एकतीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते. कोणाच्या नाकात शेंगदाणा, कोणाच्या पोटात नाणं, एकाने तर चक्क घड्याळाची किल्ली गिळली होती. माझी पापणी लवायची नाही. पण त्या शुक्रवारी माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलाशी मला जो धक्का बसला, तो अजून उतरलेला नाही. लोक म्हणतात, सोडून द्या. का सोडू? धरलंय कुठे, अंगातच बसलाय तो.

तर झालं असं. माझी मोठी बहीण, आमची ताई, शहरात असते, तिच्या मुलीकडे. एक्याऐंशी वर्षांची आहे. नऊ वर्षं आमची गाठ नाही. भाचीचं घर म्हणजे दीड खोली. आम्ही चौघं तिथे मावणार कुठे? लॉजचे दर ऐकले की माणूस आपल्याच घरात परत झोपायला जातो. मी एकटी जाते म्हटलं की माझा मुलगा म्हणायचा, "अगं आई, गुडघे बघ तुझे. थांब, सगळे मिळून जाऊ." मी थांबायची. थांबण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

पण गेल्या महिन्यात ताईने फोनवर मला दोनदा विचारलं, "तू कोण?" तिसऱ्यांदा ओळखलं. वॉर्डात नसले तरी हे आजार मला कळतात. आज दोनदा, उद्या चारदा, परवा दार बंद. ती मला ओळखतेय तोवर तिच्यासमोर जाऊन बसायचं, एवढंच मला हवं होतं. जेवताना मी ते सरळ बोलून टाकलं. बोलताना रडले पण, खोटं कशाला सांगू?

तेव्हा मुलानेच तोडगा काढला. तो फरशीच्या दुकानात काम करतो, गिऱ्हाइकाला काय काय नवीन दाखवायचं हे त्याला बरोबर जमतं. म्हणाला, "आता घरांची अदलाबदल करतात. ते लोक आपल्या घरात राहायला येणार, आपण त्यांच्या घरात. भाडं शून्य. स्वयंपाकघर हाताशी, म्हणजे बाहेरच्या खाण्याचाही खर्च नाही. खर्च काय तो गाडीभाड्याचा."

"आणि आपल्या घरात परकी माणसं?" सून म्हणाली. ती शाळेत शिकवते, तिला सगळ्याला तपासणी लागते.

"त्यांच्या घरात आपण परकेच की," मी म्हटलं. मी लगेच तयार. मला ताई दिसत होती.

मग घरात जी धांदल उडाली, विचारू नका. माझी नात, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण तेरा वर्षांची झाली तरी एका जागी बसत नाही, तिने खोल्यांचे फोटो काढले. फोटोआधी सुनेने पडदे धुतले. मुलाने न्हाणीघरातली फुटकी फरशी बदलली, दुकानात असून सहा वर्षं त्याला ती दिसली नव्हती. संकेतस्थळावर फॉर्म भरायचा होता, तो त्याने भरला. आणि शहरातल्या घरांना आम्ही निरोप पाठवायला लागलो.

नकार काय गोड असतात हो एकेक! "तुमचं घर सुरेख आहे, पण या वेळी जमणार नाही." "तुमचं गाव शांत दिसतंय, आमची मुलं कंटाळतील." आमच्या गावात बघायला एक तळं, आणि तळ्यात बघायला पाणी. वीस-बावीस नकार झाले. मी आशा सोडली. सून म्हणाली, "अहो आई, उगाच जीवाला लावून घेऊ नका."

आणि एका मंगळवारी होकार आला. साधासुधा नाही, तासाभरात होकार! घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, गॅलरी आहे, आणि ताईच्या गल्लीपासून बसने दोन थांबे. मी फोटो बघून म्हटलं, "एवढी शहाणी माणसं आपल्याकडे यायला का तयार झाली?" मुलगा म्हणाला, "आई, प्रत्येकाला काहीतरी हवं असतं." मला वाटलं, तळं हवं असेल.

त्याच दिवशी ताईला फोन केला. त्या दिवशी तिने पटकन ओळखलं. "पुढच्या शनिवारी येते," म्हटलं. ती म्हणाली, "ये, ये. वाट बघते." फोन ठेवून मी कपाटावरची बॅग काढली. मुलगा दारात उभा होता. त्याने बॅग बघितली आणि काही न बोलता निघून गेला. माझ्या डोक्यात तेव्हा काही आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही घरांची फोनवर तोंडओळख ठरली होती. एकमेकांना बघायचं, किल्ल्या कुठे, नळ कसा, ते सांगायचं. मी तर एक पानच लिहून काढलं होतं. वॉर्डात पाळी बदलताना आम्ही खाटेगणिक सांगून जायचो, तसं. गॅसचं उजवं बटण दाबून मग फिरवायचं. मागचं दार किंचित उचलून लोटायचं, नाहीतर कडी बसत नाही. टाकी भरली की खटका तुम्हीच बंद करायचा, तो आपोआप होत नाही.

फोन लागला. समोर तिशीतली बाई, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, शेजारी तिचा नवरा, आणि दोघांच्या अंगाखांद्यावर चार वर्षांची जुळी. एक केस ओढतंय, एक फोन चाटतंय. बाई मोठी गोड. घर फिरवून दाखवलं. मी माझं पान वाचलं. तिने मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "आजी, किती नीट सांगता हो! मुलं सारखी विचारतात, नर्सआजी कधी भेटणार म्हणून."

मला हसू आलं. "कशी भेटणार, बाळा? तुम्ही इकडे याल तेव्हा आम्ही तिकडे असणार."

समोर सगळं थांबलं. जुळीसुद्धा.

"म्हणजे? तुम्ही घरीच असणार ना?" ती म्हणाली. "फॉर्ममध्ये तर लिहिलंय..."

"रेंज गेली वाटतं," मुलगा म्हणाला आणि फोन बंद केला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, बोटाने बंद केला. रेंजला बोट असतं हे मला माहीत नव्हतं.

"काय लिहिलंय फॉर्ममध्ये?" मी विचारलं.

"काही नाही गं, आई."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. भिंगरे, काढ तो फॉर्म. वाच."

पोरीने काढला. घरात उपलब्ध सोयी, असा एक रकाना होता. ती मोठ्याने वाचायला लागली. "वॉशिंग मशीन. शुद्ध पाण्याचं यंत्र. निवृत्त नर्सआजी, घरातच राहतील, लहान मुलांना दिवसभर सांभाळतील, स्वयंपाकही..." तिचा आवाज बारीक झाला. "गाडी लावायला जागा."

वॉशिंग मशीन आणि गाडीची जागा, यांच्या मधोमध मी! तीन महिने मूल आईच्या पोटात असावं आणि कोणाला पत्ता नसावा, तशी मी त्या रकान्यात होते आणि मलाच खबर नव्हती.

सून उभी राहिली. "तुम्ही मला सांगितलंत, आईंचा विचार बदललाय, आता त्यांनाच यायचं नाही. गुडघे दुखतात, ताईंशी त्या फोनवरच बोलतील. बॅगेचं विचारलं तर म्हणालात, कपाट आवरतायत."

म्हणजे तिलाही वेगळं, मलाही वेगळं. फरशीवाला माझा चिरंजीव! प्रत्येक गिऱ्हाइकाला निराळा नमुना.

"मला कधी सांगणार होतास?" मी विचारलं.

"निघायच्या दिवशी." तो टेबलाकडे बघून बोलत होता. "आई, बावीस नकार आले होते गं. आपल्या घरात दुसरं आहेच काय देण्यासारखं? हे लिहिलं आणि तासाभरात होकार आला. मी म्हटलं, आम्ही तिघं जाऊ, ताईमावशीला भेटू, तुला फोनवर दाखवू. या मुलीने शहर बघितलं नाही अजून."

"आणि मला विचारलं का नाहीस?"

तो म्हणाला, "तू नाही म्हणाली नसतीस."

एक कानाखाली बसली असती तर बरं, असं झालं मला. कारण ते खरं होतं. वॉर्डात ड्यूटीची अदलाबदल करायची तर कागदावर दोघींच्या सह्या लागायच्या. एकीचीच सही असली की मेट्रन तो कागद टराटरा फाडायच्या. आणि दुसरी सही बहुतेक वेळा माझी असायची. कोणाच्या घरी पाहुणे, कोणाच्या मुलीचा निकाल, आणि मी आपली "हो, करते." घरीही तेच. पोराने लहानपणापासून हेच बघितलं. मग त्याने माझी सही स्वतःच ठोकून दिली. चूक त्याची, पण सवय माझी. दोन्हींचा एकदमच राग आला आणि कोणावर काढू ते कळेना.

इतक्यात फोन वाजला. ती शहरातली बाई. मी घेतला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

"आजी, काही गैरसमज झालाय का?" ती म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. "आम्हाला गाव-तळं काही नको होतं. चार वर्षांत आम्ही दोघं सलग झोपलेलो नाही. माझी आई नाही, सासूबाई नाहीत. चार दिवस कोणीतरी मुलांकडे बघेल आणि आम्ही दार लावून झोपू, एवढंच होतं. तुम्ही नसाल तर आमचं येणं रद्द करावं लागेल."

झालं! आता बोला. ही पोर रडतेय. भिंगरीचे डोळे भरलेले. सून खिडकीकडे तोंड करून उभी. मुलगा मान खाली घालून. सगळ्यांच्या सुट्टीची दोरी माझ्या हातात, आणि मी काय मागत होते? एका म्हातारीसमोर बसायचं. माझी जीभ "हो" म्हणायला टाळूला लागलीच होती. शपथेवर सांगते. म्हटलं, ताईकडे पुढच्या वेळी जाऊ. चार दिवसांचं तर आहे. बिचारी जुळी.

"दहा मिनिटांत कळवते, बाळा," मी म्हटलं. आणि आधी ताईला सांगावं म्हणून फोन लावला. या वेळी जमत नाही, एवढंच सांगायचं होतं. भिंगरीने फोन टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला.

ताईनेच उचलला. "कोण पाहिजे?"

"ताई, मी बोलतेय."

"मी म्हणजे कोण? नाव नाही का काही?"

"अगं, धाकटी."

"धाकटी?" ती हसली. "काहीतरीच काय? धाकटी कशी बोलेल? धाकटी येणार आहे माझ्याकडे, शनिवारी. तिचा मुलगा घेऊन येतोय तिला. फार गुणी आहे हो मुलगा."

मी फोनवर आणखी वाकले.

"आमच्याकडे जागा नाही," ती मला, परक्या बाईला, खासगी सांगावं तसं सांगायला लागली. "खाट एकच. पण मी आत्तापासून भिंतीकडे सरकून झोपते. अर्धी खाट मोकळी ठेवायची सवय व्हायला हवी ना. नाहीतर ती येईल आणि मी झोपेत तिची जागा खाईन. लहानपणी मी तशीच करायची, ती बिचारी कधी बोलायची नाही. बरं, तुम्ही ठेवा बघू फोन. तिचा फोन येईल, लाइन अडवू नका."

आणि तिने ठेवला.

मुलाचा चेहरा मी बघितला. रडू येतंय ते गिळणारी हजारो मुलं मी वॉर्डात पाहिलीत, तसा दिसत होता तो, छत्तीस वर्षांचा घोडा. एरवी मी लगेच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला असता. त्या दिवशी हात उचलला नाही.

मी शहरातल्या बाईला फोन लावला. "नाही," म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. मग जरा खालच्या आवाजात सांगितलं, "नाही, बाळा. मी घरात नसेन. तो फॉर्म मला न विचारता भरला होता. तुला चार दिवस झोप मिळायला हवी, ते खरं आहे, पण ती मी नाही देऊ शकत. माझी वाट बघतायत."

ती म्हणाली, "समजलं, आजी." फार रागावली नाही. रागावली असती तरी माझं चुकलं नसतं.

मुलगा म्हणाला, "आई, मी पुढच्या शनिवारची तिकिटं काढतो. चौघांची. लॉजचं बघतो काहीतरी."

"पुढच्या शनिवारपर्यंत मी थांबणार नाही," मी म्हटलं. "उद्या सकाळच्या गाडीचं एक तिकीट काढ. तुमचं तुम्ही ठरवा, मला झोपायला जागा आहे."